ते घर स्वस्त का आहे, हे आधी शोधा

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे चौघं कोथरूडला भाड्याच्या घरात राहतो. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, ब्लॉक प्रिंटिंग करते. नवरा लाकडी फर्निचर बनवतो. साठवलेले २२ लाख आहेत आणि बँक ३० लाखांपर्यंत कर्ज द्यायला तयार आहे. एवढ्यात शहराबाहेरच्या नव्या प्रकल्पात छोटा फ्लॅट मिळेल, पण आम्हाला जुनं घर घेऊन ते आपल्या हातानं घडवायचंय. आतापर्यंत चार घरं पाहिली. कसबा पेठेत एका वाड्यातल्या दोन खोल्या, पागडीवर. जुन्या सांगवीत नदीकडच्या गल्लीत तळमजला, मागे अंगण. रुपीनगरला दीड मजली स्वतंत्र घर, आश्चर्य वाटावं इतकं स्वस्त. आणि चिंचवडला १९८४ च्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, लिफ्ट नाही, ३८ लाख. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्या ‘माझं काय, मी चढेन’ म्हणतात. आमचं मन वाड्यावर बसलंय. परवडेल आणि मनासारखं करताही येईल, अशी पुण्यात कुठली वस्ती आहे?
— एक चित्रकार, कोथरूड

उत्तर:

तुमचं पत्र वाचताना ‘आश्चर्य वाटावं इतकं स्वस्त’ या शब्दांपाशी मी थांबले. पुण्यासारख्या शहरात कुठलंही घर उगाच स्वस्त नसतं. काहीतरी कारण असतंच, आणि ते कोणत्या जातीचं आहे यावर तुमचं सगळं अवलंबून आहे. काही कारणं अशी असतात की पैसा, वेळ आणि हात लावले की संपतात: कळकट ओटा, गळकी मोरी, अंधारी खोली, चाळीस वर्षांपूर्वीची वायरिंग. दुसरी कारणं कोणाच्याही हातात नसतात: नदी, संरक्षण खात्याची हद्द, कागदातला घोळ, स्लॅबच्या आत गंजलेली सळई. बाजार दोन्हींचा भाव सारखाच पाडतो. तुम्हाला पहिल्या जातीचं घर हवंय. वस्तीचं नाव त्यानंतर येतं.

रुपीनगर आधी सोडा. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती २,००० यार्डांचं जे प्रतिबंधित क्षेत्र आहे, ज्याला पिंपरी-चिंचवडमध्ये सगळे ‘रेड झोन’ म्हणतात, त्यात रुपीनगर येतं. तळवडे आणि यमुनानगरचाही काही भाग येतो. तिथे बांधकामाला परवानगी मिळत नाही आणि गृहकर्ज मिळण्याची आशा धरू नका. वर्षानुवर्षं हजारो कुटुंबं तिथे राहताहेत, संसार उत्तम चाललेत, आणि त्यांचा प्रश्न सुटावा असं मलाही मनापासून वाटतं. पण तुमची सगळी पुंजी एकाच घरात जाणार आहे, तुम्ही हा धोका घेऊ नका.

सांगवीच्या घराबद्दल नुसतं ‘नको’ म्हणणार नाही. अंगणाचा मोह मला कळतो, ब्लॉक प्रिंटिंगचं कापड वाळवायला जागा हवीच. पण ‘नदीकडची गल्ली’ असं तुम्हीच लिहिलंय. पाटबंधारे खात्याने नदीकाठाला दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ते घर कुठल्या रेषेच्या आत आहे, हे महापालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशावर पाहून घ्या. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत धरणाच्या विसर्गाचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा रात्रीत लोकांचे संसार भिजले. नकाशा कळला नाही तर त्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा, ‘पाणी कुठपर्यंत आलं होतं?’ तो हाताने भिंतीवर खूण दाखवेल. खूण तुमच्या खिडकीच्या वर असेल तर तुमची चित्रं, कापडं आणि नवऱ्याचं लाकूड त्या घरात ठेवायचं नाही.

आता वाडा. तुमचं मन तिथे बसलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वाड्यातल्या खोलीत शिरलं की पहिल्यांदा थंडावा जाणवतो. सागवानी खांब, वरच्या तुळया, भिंतीतले कोनाडे, चौकातून येणारा उजेड. हे सगळं खरं आहे. पण पागडीने तुम्ही घर विकत घेत नाही, भाडेकरूचा हक्क विकत घेता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ या हक्काला संरक्षण देतो, त्यामुळे व्यवहार बेकायदा नाही. मात्र मालक दुसराच राहतो. हस्तांतरणाला त्याची संमती लागते आणि रकमेतला वाटा त्याला द्यावा लागतो. बँका अशा व्यवहाराला सहसा कर्ज देत नाहीत, म्हणजे तुमच्या हिशेबातले ३० लाख तिथेच गळाले. आणि तुमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी अडचण अशी की भिंत, दार, जिना यांना हात लावायचा तर मालकाची लेखी परवानगी हवी. ज्या कारणासाठी तुम्हाला वाडा हवाय, तेच तिथे तुम्हाला करता येणार नाही. त्यातून पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका दरवर्षी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. त्या वाड्याला आलीये का, विचारलंत? खांबाच्या बुंध्याशी, दगडी तळखड्यापाशी, सुरीचं टोक टोचून पाहा. लाकूड भुसभुशीत लागलं तर वाळवी आत शिरलेली आहे.

वाड्याचा सोस मात्र वाया घालवू नका. पुण्यात वाडे पाडले जातात तेव्हा त्यांचं सागवान भंगारात जात नाही, विकलं जातं. रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात चक्कर मारा, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये चौकशी करा. तुमचे यजमान सुतारकाम जाणतात, त्यांना हे सांगायला नको, पण तरी सांगते: जुनी तुळई रंध्यावर घालण्याआधी तिच्यावरून चुंबक फिरवा, आत मोळे राहिलेले असतात आणि एकच मोळा पातं खराब करतो. वाड्याचं दार फ्लॅटच्या चौकटीत बसत नाही, ते बुटकं आणि जाड असतं. त्याचं टेबल करा, पलंगाची पाठ करा, किंवा रुळावर सरकणारं दार करून तुमच्या कामाच्या खोलीला लावा. तांब्याची जुनी भांडी दिव्यांसाठी वापरायची असतील तर कसब्यातच तांबट आळी आहे. पेठ अशी तुमच्या घरी येऊ शकते.

राहता राहिलं चिंचवड. चारांतलं हेच घर खऱ्या अर्थाने पाहण्यासारखं आहे, आणि त्याचं स्वस्तपण मुख्यतः दोन गोष्टींतून आलंय: वय आणि जिना. वयाचं काय करायचं ते बघता येतं. जिन्याचं नाही. सासूबाई ‘मी चढेन’ म्हणतात, कारण तुमच्या स्वप्नाच्या आड त्यांना यायचं नाहीये. आज त्या चढतील. पाच वर्षांनी त्या देवळात जाणं बंद करतील, मग भाजीला खाली उतरणं, आणि कोणाला त्याचं कारण सांगणार नाहीत. ‘पुढे लिफ्ट बसवणार आहोत’ असं सोसायटी म्हणाली तरी त्या भरवशावर घर घेऊ नका. सर्वसाधारण सभेचा ठराव, महापालिकेची परवानगी, आणि तळमजल्यावाले पैसे द्यायला तयार नाहीत, यात वर्षं जातात. तुमच्या जागी मी असते तर त्याच इमारतीत किंवा त्याच गल्लीत पहिला मजला शोधला असता. दोन-तीन लाख जास्त गेले तरी चालतील, ते मॉड्युलर किचनमधून वजा करा.

वस्तीचं विचारलंत म्हणून सांगते: दापोडी, कासारवाडीपासून चिंचवड, आकुर्डी, निगडीपर्यंतचा पट्टा धुंडाळा. इथे १९७०-८० च्या दशकात कारखान्यांतल्या नोकरदारांनी बांधलेल्या तीन-चार मजली सोसायट्या आहेत, खोल्यांची मापं आजच्यापेक्षा मोठी आहेत, लोणावळा लोकल आहे. पिंपरी ते स्वारगेट मेट्रो सप्टेंबर २०२४ पासून पूर्ण चालू झाली आणि पुढे निगडीच्या भक्ती-शक्ती चौकापर्यंत मार्ग वाढतोय, त्यामुळे इथले भाव खाली येतील अशी वाट बघत बसू नका. प्राधिकरणातल्या, म्हणजे पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने दिलेल्या, जागा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याच्या आहेत. प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जित झालं, तेव्हा हस्तांतरणाचा ना-हरकत दाखला आता पिंपरी-चिंचवड महापालिकेकडून घ्यायचा की पीएमआरडीएकडून (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), आणि शुल्क किती, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. मुलीची शाळा कोथरूडलाच ठेवायची असेल तर मात्र हा पट्टा सोडा. वनाजहून मेट्रो आहे, जिल्हा न्यायालय स्थानकात बदलता येते, पण सहा वर्षांच्या पोरीला रोज हे करायला लावू नका. मग धनकवडी, बिबवेवाडी, सहकारनगरकडे बघा, एक खोली कमी मिळेल हे धरून. शाळा बदलणार की खोली कमी करणार, हे घर बघायच्या आधी ठरवा.

संकेतस्थळांवरच्या जाहिरातींपेक्षा पायी फिरा. कुठला फ्लॅट कित्येक वर्षं बंद आहे, मुलं अमेरिकेत आणि आईवडील आता नाहीत, हे इस्त्रीवाल्याला आणि दूधवाल्याला ठाऊक असतं. अशी घरं तुमच्यासाठी उत्तम, कारण कोणी त्यांच्यावर वरवरची मलमपट्टी केलेली नसते. खालची मोझाइक फरशी तशीच असते. ती उखडू नका. पॉलिशवाल्याचं मशीन जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत फिरलं की ती अशी उजळते की नवी व्हिट्रिफाइड तिच्यापुढे फिकी पडावी, आणि खर्चही वाचतो. आवडलेलं घर पुन्हा एकदा जुलैच्या पावसात बघून या. भाव खरा किती चाललाय ते नोंदणी विभागाच्या ‘ई-सर्च’वर पाहा, त्याच सोसायटीतले आधीचे नोंदलेले व्यवहार तिथे सापडतात.

घर बघायला जाताना छोटी हातोडी आणि टॉर्च न्या. फ्लॅटचा दिवाणखाना सगळेच बघतात, तुम्ही तो शेवटी बघा. आधी जिन्याच्या पायऱ्यांची खालची बाजू, छज्जे, संडास-मोरीवरचा स्लॅब आणि गच्चीतली टाकीखालची जागा बघा. हातोडीने हलकेच टकटक करा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ, डबडब आवाज आला तर गिलावा सुटलाय. गिलाव्यावर सरळ रेषेत गेलेला तडा आणि त्याच्या कडेला तपकिरी डाग दिसला, तर आत सळई गंजून फुगतेय आणि काँक्रीट बाहेर ढकलतेय. अशी एखादी जागा दुरुस्त होते. सगळ्या छज्ज्यांना, सगळ्या तुळयांना ती दिसली तर त्या इमारतीचं आयुष्य तुमच्या कर्जापेक्षा कमी आहे. नुकताच रंग दिलेला स्लॅब दिसला तर जास्त वेळ थांबा.

सोसायटीच्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी व्हायला हवं. १९८४ ची इमारत म्हणजे अहवाल असायलाच पाहिजे. ‘स्ट्रक्चरल ऑडिटचा शेवटचा अहवाल दाखवा’ असं सेक्रेटरींना सरळ विचारा. त्यासोबत गेल्या तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं मागा आणि त्यात ‘पुनर्विकास’ हा शब्द शोधा. हे मी ठासून सांगतेय, कारण जुन्या घरावर जीव लावणाऱ्यांचा सगळ्यात मोठा घात इथे होतो. तुम्ही वर्षभर खपून घर सजवायचं, आणि तीन वर्षांनी ५१ टक्के सभासदांनी बिल्डरच्या बाजूने हात वर करायचे. नवा फ्लॅट मिळेल, पण तुमच्या हातचं काम ढिगाऱ्यात जाईल. म्हणून गल्ली बघा. रस्ता जितका रुंद, तितका एफएसआय (जागेवर किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) जास्त आणि तितकी बिल्डरची पावलं लवकर वळतात. अरुंद गल्लीतली, ज्यात बिल्डरला फारसं मिळण्यासारखं नाही अशी नीट राखलेली सोसायटी तुमच्या कामाची. तिचा भाव झपाट्याने वाढणार नाही. तुम्हाला ते घर विकायचं नाहीये, राहायचंय.

आता पैसे. तुमचा एकूण आकडा ५२ लाख, पण ५२ चं घर बघायचं नाही. ३८ लाखांचंच धरू. मुद्रांक शुल्क पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे २ लाख ६६ हजार. खरेदी फक्त तुमच्या नावावर झाली तर महिला म्हणून १ टक्का सवलत मिळते, ३८ हजार वाचतात. दोघांची नावं लावायची असतील तर लावा, ३८ हजारांसाठी घराची मालकी ठरवू नका. करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने ठरवलेली, किंमत यांतली जी जास्त, तिच्यावर शुल्क लागतं, हे लक्षात ठेवा. नोंदणी फी ३० हजार. सोसायटीला हस्तांतरणाचा प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार घेता येतो. शासनाने २००१ मध्येच तो ठरवून दिलाय, तेव्हा ‘इमारत निधी’ म्हणून लाखभर मागितले तर नम्रपणे परिपत्रक दाखवा. दलाली, वकील, अभियंत्याची फी धरून वरचा खर्च चार लाखांच्या आसपास जातो. उरले दहा. त्यातले सात कामाला, तीन अजिबात हात न लावता बाजूला. जुन्या घराची फरशी उचलली की खालून काय निघेल ते कोणी सांगू शकत नाही.

बँकेचे ३० लाख हे तुमच्या उत्पन्नावर मंजूर आहेत, घरावर नव्हे. चाळीस वर्षांच्या इमारतीला बँकेचा मूल्यांकनकार किंमत कमी लावू शकतो किंवा मुदत कमी करू शकतो. म्हणून टोकन देण्याआधी त्या विशिष्ट घराचं बँकेकडून मूल्यांकन करून घ्या.

सात लाखांत काय करायचं? न दिसणारी कामं आधी. वायरिंग पूर्ण तांब्याची आणि आरसीसीबी (वीजगळती झाली की प्रवाह तोडणारं बटण) बसवून, गंजलेले लोखंडी नळ काढून सीपीव्हीसीचे प्लास्टिक नळ, मोरी-संडासाचं वॉटरप्रूफिंग. ते झालं की मोरीत दोन दिवस पाणी साठवून ठेवा आणि खालच्या घरात जाऊन छत बघा, फरशी त्यानंतर. निम्मे पैसे इथेच जातील. उरलेल्यात तुमची कला. जुन्या फरशीवर नवी फरशी बसवू नका, जुन्या स्लॅबवर उगाच वजन चढतं. भिंत पाडायची असेल तर ती कसली आहे ते पाहा. त्या काळच्या काही इमारती लोड बेअरिंग आहेत, म्हणजे वरचा सगळा भार भिंतींवरच. दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजा, आतल्या भिंतीही नऊ इंची किंवा त्याहून जाड असतील तर एकही पाडायची नाही. आरसीसी, म्हणजे सळई-काँक्रीटचा, सांगाडा असेल तर साडेचार इंची आडभिंत काढता येते, पण अभियंत्याच्या लेखी सल्ल्याने आणि सोसायटीला कळवून. रंग, गिलावा, फरशी, ओटा या कामांना महापालिकेची परवानगी लागत नाही. सांगाड्याला हात लागला किंवा बाल्कनी बंद केली की लागते. मोरी तिच्या जागेवरून हलवू नका, खालच्यांच्या स्वयंपाकघरावर संडास आणून कोणाचंही भलं झालेलं नाही.

यजमानांचं कटर मशीन फ्लॅटमध्ये चालणार नाही, शेजारी चार दिवस सोसतील, पाचव्या दिवशी तक्रार जाईल. त्यांच्यासाठी भोसरीकडे छोटा गाळा भाड्याने बघा. त्याचेही कागद तपासा, फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीतली पत्राशेडं आणि गोदामं महापालिकेने मोठ्या प्रमाणावर पाडली होती.

या आठवड्यात एवढं करा: वाड्याच्या आणि रुपीनगरच्या दलालांना नाही म्हणून कळवा, चिंचवडच्या सेक्रेटरींकडून ऑडिटचा अहवाल, इतिवृत्तं आणि जमिनीचं अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का याचं उत्तर मागा, आणि पहिल्या मजल्यावर कोणी विकणारं आहे का तेही तिथेच विचारा. सूची क्रमांक दोन (नोंदणीचा उतारा), मूळ करारनामे, भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि भोगवटा पत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला) वकिलांनी पाहीपर्यंत टोकनचा एक रुपयाही देऊ नका, आणि द्याल तेव्हा चेकनेच द्या.